ॲक्सलवर अडकलेलं चाक

चाक ओढून काढायचं नसतं, ॲक्सल ढकलून काढायचा असतो. जुन्या स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकवर विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या, दुरुस्त करायला बसलेल्या कुणालाही मी आधी हेच सांगतो, कारण गाडी हातात आली की माणसाचे हात आपोआप चाकांकडे जातात, दोन्ही चाकं दोन हातांत धरायची आणि विरुद्ध बाजूंना खेचायची, नाही निघालं की पिळायचं, आणि त्या पिळण्यातच पन्नास-साठ वर्षं टिकलेलं चाक एका झटक्यात जातं. परत मिळत नाही ते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्याला लागेल त्याने वापरावं.

ज्यांनी स्लॉट कार पाहिलीच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅकला मधून एक खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यातून १२ व्होल्टचा करंट. गाडीच्या पोटाखाली एक छोटं पातं त्या खाचेत उतरतं आणि विणलेल्या तारेचे दोन तुकडे पट्ट्यांवर घासत जातात. स्टिअरिंग नाही, फक्त हातातला कंट्रोलर, किती दाबायचा आणि वळणाआधी कधी सोडायचा एवढंच. बहुतेक गाड्या मूळ गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाच्या, म्हणजे तळहातापेक्षा थोड्या लांब. आपल्याकडे माझ्या लहानपणी हे कुणाच्या घरी पाहिल्याचं आठवत नाही, मी पहिल्यांदा पाहिलं ते इथे इंग्लंडमध्ये आल्यावर. आणि योगायोग असा की मी राहतो तिथून हॅवंट जवळ आहे. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाची मिनीमॉडेल्स ही कंपनी तिथलीच. आधी ते स्प्रिंगवर चालणाऱ्या, पत्र्याच्या रेसिंग गाड्या करायचे, स्केलेक्स नावाच्या, मग त्यात इलेक्ट्रिक मोटर बसवून १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणलं. पहिल्या गाड्या पत्र्याच्याच होत्या, मासेराटी आणि फेरारी. पुढच्याच वर्षी ट्रायअँग नावाची खेळणी करणाऱ्या लाइन्स ब्रदर्सने कंपनी विकत घेतली आणि १९६० पासून प्लास्टिकच्या बॉडी आल्या. तिकडे अमेरिकेत ऑरोरा कंपनीने त्याहून कितीतरी छोट्या गाड्या काढल्या, १९६३ ची थंडरजेट तर आजही लोक जिवापाड जपतात. या सगळ्यांत मोटर वेगळी, गिअर वेगळे, पण चाक बसवायची पद्धत मात्र जवळपास एकच, प्लास्टिकचं चाक पोलादाच्या ॲक्सलवर दाबून बसवलेलं.

रविवारी इथे मैदानात कार बूट सेल भरतो, लोक गाडीच्या डिकीत घरातलं जुनं सामान घालून आणतात आणि तिथेच विकतात. तिथे बिस्किटाच्या डब्यात, चॉकलेटच्या खोक्यात या गाड्या सापडतात. व्हॅनवॉल, कूपर अशा जुन्या रेसिंग गाड्या असतात, कधी नुसतीच चेसी. घरी आणून उलटी केली की पहिल्यांदा दिसतात ते केस. मागच्या ॲक्सलभोवती घट्ट गुंडाळलेला गोळा, कार्पेटचे धागे, लोकर, कुत्र्याचे केस, कधी एखादा लांब मानवी केस. मला हे फार आवडतं. कुणाच्या तरी हॉलमधला १९६०-७० च्या काळातला तपकिरी नाहीतर नारिंगी कार्पेट असतो तो, गाडी त्यावरून इतकी फिरलेली असते की घराचा एक तुकडाच ॲक्सलला बांधला गेलाय. पण हा गोळा बुशमध्ये, म्हणजे ॲक्सल ज्यात फिरतो त्या छोट्या कड्यात, शिरतो आणि ॲक्सल जड फिरायला लागतो, मोटर तापते. वरवरचं चिमट्याने आणि सुईने निघतं, आत शिरलेलं मात्र ॲक्सल बाहेर काढल्याशिवाय निघत नाही. आणि ॲक्सल बाहेर काढायचा तर निदान एक चाक उतरवावंच लागतं. गिअरचा दात गेला असेल तरी तेच, बुश झिजलं असेल तरी तेच, ॲक्सल वाकला असेल तरी तेच. मागच्या ॲक्सलची रचनाच तशी आहे, चाक, बुश, गिअर, बुश, चाक. सगळं एका दांड्यावर ओवलेलं आणि दोन्ही टोकांना चाकांनी बंद केलेलं. म्हणजे बाकी कुठलंही काम करायचं तर रस्ता चाकातूनच जातो.

आता चाक धरून कसं बसतं ते बघा, कारण ते कळलं की काढायचं कसं हे बरंचसं आपोआप कळतं. या आकाराच्या बहुतेक गाड्यांचा ॲक्सल ३/३२ इंचाचा, म्हणजे २.३८ मिलिमीटर. त्याच्या टोकाला काही मिलिमीटरपर्यंत बारीक उभ्या रेघा उठवलेल्या असतात, ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने. चाकाचं भोक त्यापेक्षा कणभर लहान. फॅक्टरीत चाक दाबून बसवलं की त्या रेघा प्लास्टिकमध्ये स्वतःचे चर पाडत आत जातात आणि मग चाक ॲक्सलवर फिरू शकत नाही. मोटरचा सगळा जोर या रेघांवरून चाकाला जातो. म्हणजे चाक सरळ, ॲक्सलच्याच रेषेत बाहेर आलं तर रेघा आपापल्या चरातून घसरत निघतात आणि भोक जसंच्या तसं राहतं, पुन्हा बसवलं की पुन्हा धरतं. पण तेच चाक पिळलं की रेघा चर सोडून मधलं प्लास्टिक तासून काढतात. भोक गोल गुळगुळीत होतं, चाक निघतं हो, सहज निघतं, पण परत बसवल्यावर ॲक्सल फिरतो आणि चाक जागेवर राहतं. मग लोक त्यात गोंद घालतात, आणि पुढच्या माणसासाठी वेगळीच डोकेदुखी तयार होते, तिच्याकडे येतो नंतर.

पक्कड लावून ओढण्यातही हाच प्रॉब्लेम आहे, शिवाय आणखी एक. पक्कड धरते रिमला आणि चाक अडकलेलं असतं हबपाशी, मधल्या त्या छोट्या नळीपाशी. जोर रिमवर आणि विरोध मधोमध, म्हणजे मधल्या आऱ्यांवर सगळा ताण. या चाकांचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, जुनं झालं की वाकत नाही, तडकतं. तारेच्या आऱ्यांची नक्षी असलेली चाकं असतात ना जुन्या ग्रां प्री गाड्यांची, ती तर बघता बघता जातात.

म्हणून पुलर. गॅरेजमध्ये बेअरिंग काढायचा पुलर पाहिलाय ना, तत्त्व तेच, फक्त नखाएवढं. एक यू आकाराची खाच असलेली पातळ पट्टी चाकाच्या मागे, चाक आणि चेसी यांच्यामधल्या फटीत सरकवायची, खाच ॲक्सलवर बसते आणि पट्टीच्या कडा हबला टेकतात, रिमला नाही. समोरून एक स्क्रू, त्याच्या टोकाला पिन. स्क्रू फिरवला की पिन ॲक्सलच्या टोकावर दाबते आणि ॲक्सल चाकातून मागे सरकतो. पिन ॲक्सलपेक्षा बारीकच हवी, दोन मिलिमीटरची चालते, कारण तिला ॲक्सलच्या मागोमाग भोकातून जायचं असतं. विकत मिळतात असे पुलर, छोट्या ऑरोरा गाड्यांसाठी वेगळे मिळतात, पण पोलादाची दीडेक मिलिमीटर जाड पट्टी, करवत आणि कानस असेल तर घरीही होतो. माझ्या अनुभवाने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, सुरुवात आखूड पिनने करा. पहिला अर्धा मिलिमीटर सुटेपर्यंत सगळ्यात जास्त जोर लागतो आणि तेव्हा लांब पिन वाकते, वाकली की तिरपी जाऊन भोकाची कड खाते. एकदा ॲक्सल हलला की मग लांब पिन लावा. दुसरं म्हणजे स्क्रू पाव फेरा फिरवून थांबा, जरा वेळ द्या, मग पुढचा पाव फेरा. प्लास्टिकला ताण सोडायला वेळ लागतो. ही थांबायची सवय मी सगळ्यात मोलाची मानतो, कारण चाक फुटतं ते जवळजवळ नेहमी घाईच्या त्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात.

तरीही नाही हललं तर उष्णता. आमच्या आजोळी, साताऱ्याकडच्या गावात, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना बघायला आम्ही पोरं जमायचो. लोखंडी कडं गोवऱ्यांच्या जाळात तापवायचे, तापलं की ते फुगतं, मग चिमट्यांनी धरून लाकडी चाकावर चढवायचं आणि वरून भडाभडा पाणी, की ते आकसून असं बसायचं की वर्षानुवर्षं निघायचं नाव नाही. इथे तेच गणित, पण उलट्या दिशेने वापरायचं, बाहेरचं कडं आतल्यापेक्षा जास्त फुगवायचं. पोलाद एका अंशाला, मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं, पॉलिस्टायरिन ७०-८०. म्हणजे चाक आणि ॲक्सल दोन्ही ५० अंशांनी तापवलं तर २.३८ मिलिमीटरच्या भोकात जेमतेम पाऊण शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही. पण पकडच मुळात काही शतांश मिलिमीटरची असते, आणि वर प्लास्टिक गरम झाल्यावर थोडं नरमही पडतं, तडकण्याऐवजी ताणायला तयार होतं. दोन्ही मिळून पुष्कळदा काम होतं.

पाणी किती गरम, याला मात्र मर्यादा आहे. पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून उकळतं पाणी नाहीच, सत्तरपर्यंत ठीक. टायर आधी काढून ठेवायचे. जुन्या टायरमधलं तेल वर्षानुवर्षं चाकाच्या प्लास्टिकमध्ये उतरून काही वेळा रिमच वितळल्यासारखा झालेला असतो, तिथे गरम पाणी घातलं तर उरलेलाही आकार जाईल. मला सोल्डरिंग आयर्नची पद्धत जास्त पटते. आयर्नचं टोक ॲक्सलच्या उघड्या टोकाला काही सेकंद लावायचं, पोलादातून उष्णता आत जाते आणि भोकाच्या भिंतीलगतचं प्लास्टिक तेवढंच गरम होतं, बाकी चाक थंड राहतं. मग लगेच पुलर. बोट चाकावर ठेवून बसा, बोटाला ऊब लागली की बास, त्यापुढे नको, कारण रेघांलगतचं प्लास्टिक वितळलं तर चर बुजतात आणि मग पिळण्याने झालं असतं तेच नुकसान होतं.

गंज असेल तर पातळ तेलाचा एक थेंब हबच्या मागच्या बाजूला ठेवून रात्रभर सोडायचं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही पॉलिस्टायरिनजवळ आणू नका. रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने किंवा थिनरने ते विरघळतं आणि पेट्रोलनेही ताणाखाली असलेला हब बारीक रेघांनी तडकतो.

आता गोंद. कुणीतरी, केव्हातरी, ढिलं झालेलं चाक सुपरग्लूने चिकटवलेलं असतं. मी त्या माणसाला नावं ठेवत नाही, रेस चालू असेल आणि आठ-नऊ वर्षांचं पोर शेजारी रडवेलं होऊन उभं असेल तर मीही तेच केलं असतं. पण सुपरग्लू ॲसिटोनने सुटतो आणि ॲसिटोन चाकच खातो, म्हणजे तो मार्ग बंद. थंडीचा मार्ग उरतो. गाडीची बॉडी बाजूला करून ॲक्सल-चाकांची चेसी पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये. थंड झाल्यावर सुपरग्लू ठिसूळ होतो, आणि मुळातही तो धक्क्याला कच्चाच. बाहेर काढल्या काढल्या ॲक्सलच्या टोकावर बारीक सुंबा ठेवून हलकासा एक टोला द्यायचा, हबला मागून नीट आधार देऊन. टोला चाक काढण्यासाठी नसतो, गोंदाचा थर तोडण्यासाठी असतो, हे लक्षात ठेवून मारला की हात आपोआप हलका पडतो. मग सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि नंतर पुलर लावा, कारण गार असताना प्लास्टिक आकसून ॲक्सलला आणखी आवळून असतं.

काही चाकांचं भोक आरपार नसतंच. बाहेरून हबकॅप नाहीतर नक्षी दिसते, मागून ॲक्सल आत जाऊन तिथेच संपतो. आधी नखाने तपासा, पुष्कळदा ती नक्षी वेगळा तुकडा असते आणि आतून पातळ पट्टीने उचलली की निघते. वेगळी नसेल तर बरोब्बर मधोमध एक मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून पिन घालावी लागते. मनाला लागतं हे करताना. पण भोक छोटं असतं, नंतर रंगाच्या थेंबाने झाकता येतं, आणि चाक शाबूत राहतं.

नव्या, ॲल्युमिनियमच्या चाकांची गोष्ट वेगळी आहे, ती दाबून नाही, ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने बसतात. लोकांना वाटतं स्क्रू सैल केला की चाक निघालंच पाहिजे, आणि निघत नाही. कारण स्क्रूच्या टोकाने ॲक्सलवर खड्डा पाडलेला असतो आणि खड्ड्याच्या कडेला धातूची बारीक चोच उठलेली असते, चाक तिच्यावर अडतं. जोर लावून ओढलं तर ती चोच भोकाला आतून ओरखडत येते. त्यापेक्षा स्क्रू पुरता मागे घ्या, चाक आधी आतल्या बाजूला ढकला, ॲक्सलचा तो भाग उघडा पडला की बारीक कानस फिरवून चोच घासून टाका, मग चाक अलगद येतं. आत सरकायला जागाच नसेल तर थोडंसं पुढेमागे हलवत आणावं लागतं, गुळगुळीत भोकाला पिळणं चालतं, रेघांवर बसलेल्या प्लास्टिकला नाही. आणि तो स्क्रू फिरवायची षटकोनी ॲलन की चांगली घ्या. पुष्कळदा एक मिलिमीटरहूनही बारीक असते ती, स्वस्तातली गोल होते आणि स्क्रूचे कोपरेही गोल करते, मग खरा खेळ होतो.

आणि हे सगळं करूनही चाक जागचं हललं नाही तर ॲक्सल कापा.

यावर माझं इथल्या क्लबमधल्या एका जुन्या मेंबरशी दर वेळी बोलणं होतं. ते सत्तरी ओलांडलेले, लहानपणापासून या गाड्या चालवणारे, त्यांचं म्हणणं गाडी जशी फॅक्टरीतून आली तशी राहिली पाहिजे, ॲक्सलसकट. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, माझ्या बऱ्याच खुब्या त्यांच्याकडूनच आलेल्या आहेत. पण मला हे पटत नाही. ॲक्सल हा पोलादाचा दांडा आहे. ३/३२ इंचाचा रॉड आजही दुकानात मिळतो, रेघा पाडलेले तयार ॲक्सलही मिळतात, साधा रॉड असेल तर सपाट लोखंडावर ठेवून वरून खरखरीत कानस दाबून लाटला की टोकावर पकडीपुरते ओरखडे उठतात. त्या चाकाचा साचा मात्र आज कुठेच चालू नाहीये. काही चाकांच्या नकला लोक करतात, रेझिनच्या, थ्रीडी प्रिंटच्या, चांगल्याही असतात, पण त्या मूळ चाकावरची ती बारीक धार, ते क्रोम जे अर्धवट उडालंय, ते नाही येत. गाडी पुढ्यात ठेवल्यावर डोळा चाकावर जातो. मग वाचवायचं काय हे हत्यार उचलायच्या आधीच ठरलेलं असलं पाहिजे, कारण अर्ध्यात आल्यावर ठरवायला गेलं की आपण दोन्ही वाचवायच्या नादात दोन्ही घालवतो.

कापायचं तर कुठे, हेही आधी बघा. गिअर चांगला असेल तर गिअर आणि बुश यांच्यामध्ये, चाकापासून जितकं लांब जमेल तितकं. छोट्या रोटरी मशीनला कटिंग डिस्क लावून, थोडं कापायचं, थांबायचं, ओल्या बोळ्याने गार करायचं, पुन्हा थोडं. पोलाद उष्णता पटकन नेतं आणि ती सरळ हबमध्ये जाते, आपण चाक वाचवायला म्हणून कापतोय आणि तेच आतून वितळवतोय असं व्हायला नको. चेसीवर कागद गुंडाळा, ठिणग्या आणि लोखंडाचा भुगा मोटरच्या चुंबकाकडे धावतो आणि तिथून काढणं म्हणजे आणखी एक संध्याकाळ. डोळ्यांना गॉगल हवाच, या डिस्क तुटतात आणि तुकडे कुठेही उडतात. दांडा तुटला की प्रत्येक चाक आपल्या अर्ध्या ॲक्सलसकट हातात येतं आणि आता चेसीची अडचण नाही, फटीत पट्टी घुसवायची कसरत नाही. वाइसच्या जबड्यावर चाक नीट टेकवून, खाली ॲक्सलला जायला जागा ठेवून, वरून सुंब्याने सरळ ढकलायचं. इतका वेळ हटून बसलेलं चाक अशा वेळी एकदम सोपं निघतं, कारण जोर पहिल्यांदाच पूर्णपणे सरळ रेषेत गेलेला असतो.

माझी मुलगी हे बघत बसते कधी कधी. एकदा तिने विचारलं, बाबा, एवढं करून गाडी पळणार किती वेगाने? मी म्हटलं, तुझ्या नव्या गाडीपेक्षा हळूच. तरी रेस लागली की ती जुनीच मागते, वळणावर मागची चाकं घसरतात आणि गाडी तिरपी होऊन निघते, ते तिला आवडतं. नव्या गाड्यांना खाली चुंबक असतो, त्या ट्रॅकला चिकटून जातात, असं घसरणं त्यात फारसं होत नाही.

हब चिरलेलाच निघाला तर तेही टाकू नका. हबच्या बाहेरच्या मापाची पितळेची नळी घ्या, तिचं दोन मिलिमीटरचं कडं कापा, कडा कानशीने मऊ करा आणि हबवर दाबून बसवा. चीर मिटते आणि पुन्हा दाबून बसवायचा जोर ते कडं घेतं. चाक परत चढवताना भिंगातून बघून जुन्या चरांवर रेघा जुळवा, मूळचा ॲक्सल असेल तर हे जमतं, थोडं फिरवलं की एका जागी ते किंचित आत उतरल्यासारखं जाणवतं, तीच जागा. मग हातोडी नाही, वाइसच्या जबड्यांत दोन्ही बाजूंना लाकडाचा तुकडा ठेवून हळूहळू आवळायचं, चाक ॲक्सलला काटकोनात आहे ना हे दोन्ही बाजूंनी बघत. बुशला टेकेपर्यंत दाबू नका, अर्धा मिलिमीटर मोकळं सोडा, ॲक्सलला डावी-उजवीकडे तेवढं हलता आलं पाहिजे, नाहीतर चाक बुशवर घासतं आणि गरम होतं. बुशमध्ये तेलाचा एक थेंब, जास्त नाही, जास्तीचं तेल टायरवर येतं. आणि केसांचा तो गोळा मी एका काचेच्या बाटलीत टाकतो, झाकण लावून, कुठल्या गाडीतला ते चिठ्ठीवर लिहून.